आपल्याकडे काढण्यासारखं आहे काय, असं विचारणाऱ्या पोरीला

परवा एका पोरीचा मेसेज आला. काटोलकडची आहे, फाइन आर्टच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणते, "काका, मला लॅन्डस्केपमध्येच पुढं जायचंय. पण कॉलेजात सगळी उदाहरणं फ्रान्सची, बार्बिझॉन आणि प्रोव्हान्स, आणि आपल्यातलं काही दाखवायचं झालं तर कोकण. आमच्याकडे सपाट वावर, वरून ऊन, खाली काळी माती. यातून कोणी मोठा चित्रकार झाला का? की मी पण दोन वर्षं कोकणात जाऊन राहू?"

बेटा, कोकणात जा, मासे खा, मजा कर, त्याला ना नाही. पण लॅन्डस्केप शिकायला म्हणून जाऊन राहिली असशील तर थांब जरा. मी तीस-बत्तीस वर्षं नागपूरच्या आजूबाजूला ईझल घेऊन फिरून राहिलो, हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी पोट्टं विचारते, आणि दर वर्षी मी तोंडी अर्धवट उत्तर देतो, म्हणून आज एकदाचं नीट लिहून टाकतो.

पहिले चित्रकार रझांची गोष्ट सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका माणसातच आहे. सय्यद हैदर रझा, जन्म 1922, मंडला जिल्ह्यातलं बाबरिया गाव. वडील जंगल खात्यात रेंजर. आता मंडला म्हटलं की आपल्याला ते मध्य प्रदेश, म्हणजे परकं वाटते, पण तेव्हा तो सगळा मुलूख मध्य प्रांत होता आणि त्याची राजधानी आपलं नागपूर. म्हणजे मंडल्याच्या जंगलातल्या पोराला शहर म्हणजे नागपूरच. ते पोरगं 1939 साली इथं आलं, बापूराव आठवल्यांच्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये 1943 पर्यंत शिकलं आणि मग मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलं. पुढचं सगळ्यांना पाठ असते, चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, पॅरिस, चित्रांतला तो मोठा काळा बिंदू, करोडोंची चित्रं. नागपूरची चार वर्षं मात्र कोणी सांगत नाही, काऊन ते मला आजवर समजलं नाही.

सुरुवातीला रझा लॅन्डस्केपवालेच होते, वॉटरकलर, गल्ल्या, घरं, बाजार. 1948 साली ते काश्मीरला गेले, तिथं श्रीनगरात त्यांना फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. चित्रं पाहून तो म्हणाला, पोरगा गुणी आहे, पण चित्रांत बांधणी नाही, घराला जसा पाया, भिंती, छप्पर लागते तशी चित्राला लागते, जाऊन त्या प्रोव्हान्सच्या चित्रकाराला, सेझानला पाहा. झालं, 1950 ला फ्रेंच सरकारची स्कॉलरशिप घेऊन रझा पॅरिसला. पुढं दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो नावाच्या डोंगरावरच्या छोट्या गावात घरच केलं त्यांनी. म्हणजे तुझे सर ज्या भागाच्या स्लाइड दाखवतात त्याच्या शेजारीच हा माणूस कितीतरी वर्षं राहिला.

आणि तिथं बसून शेवटी काढलं काय? आधीची काही वर्षं फ्रान्समधली गावं, चर्चचे मनोरे, वर काळा सूर्य. पण सत्तरच्या दशकापासून कॅनव्हासवर उतरायला लागलं ते मंडल्याचं जंगल. लहानपणची जंगलातली रात्र, भीती वाटायची ती, दुरून गोंडांच्या नाचाचा आवाज यायचा तेव्हा बरं वाटायचं, आणि मग उजाडायचं. हे ते स्वतः नेहमी सांगायचे. बिंदूसुद्धा तिथलाच. शाळेत लक्ष लागत नव्हतं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि सांगितलं, याच्याकडं पाहात बस. साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून माणूस म्हातारपणी परत आला, 2016 ला गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणं मंडल्यालाच वडलांच्या कबरीशेजारी त्याला ठेवलं. जमलं तर एकदा जाऊन ये. नर्मदा आहे, घाट आहेत, नाव करून पैलतीराला जाता येते, आणि रझांच्या चित्रात तो काळा रंग एवढा जड काऊन असतो ते तिथल्या एका अमावास्येला समजते.

तर माझं म्हणणं एवढंच, की प्रोव्हान्सनं त्यांना बांधणी शिकवली. काय बांधायचं ते मंडल्याहून आलं होतं. या दोन गोष्टींची गल्लत करू नको, आपले अर्धे विद्यार्थी तिथंच फसतात.

आता मंडल्याचा विषय निघालाच आहे तर जनगड सिंह श्याम. हे नाव तुझ्या कॉलेजात 'आदिवासी कला' नावाच्या धड्यात एका ओळीत उरकलं असेल. गाव पाटणगड, तेव्हा मंडला जिल्हा, आता डिंडोरी. 1981 च्या सुमारास चित्रकार स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवन या कलासंग्रहालयासाठी गावोगाव माणसं धाडली होती, त्यांना एका घराच्या भिंतीवर चित्र दिसलं, काढणारा कोण तर विशीतलं पोरगं. ते भोपाळला आलं, 1982 ला भारत भवन सुरू झालं, आणि 1989 साली त्याची चित्रं पॅरिसला पाँपिदू सेंटर या कलासंग्रहालयात लागली. 2001 ला जपानमध्ये असतानाच तो गेला, फार वाईट प्रकारे गेला, त्याबद्दल इथं लिहीत नाही.

जनगड प्रधान समाजाचा. प्रधान म्हणजे गोंडांचे गाणारे, बाना हे तंतुवाद्य वाजवून बडादेवाच्या, म्हणजे गोंडांच्या मोठ्या देवाच्या, आणि राजांच्या कथा सांगणारे. बडादेवाचं ठाणं साजाच्या झाडाखाली, आपण त्याला ऐन म्हणतो, तेच ते झाड, खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी तुकड्यातुकड्यांची. आता जनगडची हरणं, झाडं, पक्षी पाहा, अंगभर ठिपके आणि बारीक रेघा, ओळीनं, लयीत. मला तरी ते पाहताना कोणी तोंडानं न गाता हातानं गाऊन राहिलं असंच वाटते. तो काही झाडासमोर बसून झाड काढत नव्हता. झाडात कोण राहते हे त्याला माहीत होतं, म्हणून तो ते काढत होता. याला लॅन्डस्केप म्हणायचं की नाही यावर आमच्यात भांडणं झाली आहेत, चहाचे कप आपटेपर्यंत. मी म्हणतो म्हणायचं.

एक मात्र कान धरून सांगतो. ठिपके-रेघांची नक्कल करू नको. आजकाल नागपुरात कॅफेच्या भिंती, साड्या, मोबाइलची कव्हरं, सगळीकडं 'गोंड आर्ट' झालं आहे. गोंड म्हणजे काही एक गाव नाही बाप्पा. देवगडचे गोंड, चांद्याचे गोंड, गढा-मंडल्याचे गोंड, सगळी वेगळी राज्यं होती. आपलं नागपूरच देवगडच्या बख्त बुलंद शहानं 1702 साली वसवलेलं. ते ठिपके पाटणगडच्या एका घराण्यातून आणि एका माणसाच्या हातातून आले, त्याला तिकडं 'जनगड कलम' म्हणतात ते उगीच नाही. त्याचं त्याच्यापाशी राहू दे.

बरं, आता फ्रान्सकडं येऊ, म्हणजे मी फ्रान्सच्या विरोधात आहे असं वाटायला नको. बार्बिझॉन हे पॅरिसपासून साठेक किलोमीटरवरचं खेडं, फाँतेनब्लोच्या जंगलाच्या कडेला. काही भव्य वगैरे नाही, सपाट शेतं, झाडं, खडक. आपल्याकडच्या भाषेत, उमरेडच्या पलीकडं जंगल लागते तसं समज. तिथं जाऊन राहिलेला मिले, झाँ-फ्रान्स्वा मिले, तो शेतकऱ्याचाच पोरगा, नॉर्मंडीत विशीपर्यंत शेतात राबलेला. 1849 ला बार्बिझॉनला आला आणि 1875 ला मरेपर्यंत तिथंच राहिला. त्याचं 1857 सालचं सरवा, म्हणजे कापणीनंतर वावरात पडून राहिलेलं धान्य, वेचणाऱ्या बायांचं चित्र तू पाहिलंच असशील. पुढं तीन बाया वाकलेल्या. पण चित्राच्या मागं कधी नीट पाहिलं का? मागं गंजीच्या गंजी लागल्या आहेत, गाडी भरून राहिली, आणि उजव्या कोपऱ्यात एवढासा घोड्यावर बसलेला मुकादम आहे. म्हणजे पीक त्यांचं, सरवा यांचा. पॅरिसचे बडे लोक चिडले ते उगीच नाही चिडले. हा माणूस शेतात ईझल लावून बसणाऱ्यातला नव्हता बरं, स्केच करायचा आणि बाकी घरी आठवणीनं रंगवायचा. त्याला आठवत होतं कारण त्यानं केलं होतं.

आता माझी फजिती ऐक, या चित्रामुळंच झालेली. 1996-97 ची गोष्ट असेल. मी तेव्हा मिलेनं पार झपाटलेला. कोंढाळीच्या अलीकडं एका वावरात कापूस वेचणी चालली होती, दिवाळी होऊन गेलेली, कोवळं ऊन, बाया ओळीनं वेचून राहिल्या, मला वाटलं सापडलं आपलं चित्र. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली बसलो आणि दोन तासात फुल शीट वॉटरकलर उरकलं. बाया कमरेत वाकलेल्या, हात जमिनीपर्यंत. दुपारी जेवायला त्या बाभळीखालीच आल्या. त्यातली एक साठीची बाई मागं येऊन उभी राहिली, बराच वेळ पाहून म्हणाली, "भाऊ, ह्या काय सोयाबीन सोंगून राहिल्या का?" सोंगून म्हणजे कापून. बाकीच्या खो खो हसायला लागल्या. मला समजेच ना. मग ती बाई ओढतच घेऊन गेली मला पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत. कमरेच्या वर, कुठं छातीला लागणारी पऱ्हाटी. म्हणे, याच्यात एवढं वाकून काय वेचू, मुळ्या?

मग तिनं करून दाखवलं. कापूस वेचणारी बाई वाकत नाही, मान आणि खांदे पुढं येतात फक्त. दोन्ही हात एकदम चालतात, दोन बोंडांवर, तीन बोटांनी कापूस असा ओढायचा की पाकळीचा वाळला कचरा सोबत येत नाही, आणि हात सरळ ओटीत. पुढं कापडाची ओटी बांधलेली, ती भरत जाते तसं वजन पोटावर येते, म्हणून बाई उलट मागं रेलते, पोटुशी बाई चालते ना, तसं. सकाळी ओटी रिकामी तेव्हा अंग पुढं, अकराच्या सुमाराला ओटी भरली की अंग मागं. एकाच बाईच्या दिवसभरात दोन आकृत्या होतात! मी दोन तास समोर बसून होतो आणि मला यातलं काहीच दिसलं नव्हतं, कारण मी पाहतच नव्हतो, मी मिलेचं पाहिलेलं परत काढत होतो. गव्हाचा सरवा वेचणारी फ्रेंच बाई उचलून मी कोंढाळीच्या पऱ्हाटीत उभी केली होती.

ते चित्र अजून आहे माझ्याकडं, फाडलं नाही. त्या बाईनं पुढं हेही सांगितलं की पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभात वाहतात, मग हात लावायचा कापसाला. ते पाहायला मी पुढच्या वर्षी गेलो, आणि मग जात राहिलो, एकाच वावरात सलग अकरा वर्षं. जे काही मला येते ते त्या वावरात आलं, कॉलेजात नाही.

म्हणून म्हणतो, जागा सुंदर असण्याचा आणि चित्र चांगलं होण्याचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. सेझाननं एकच डोंगर, सेंट व्हिक्टॉर, पुन्हा पुन्हा काढला, डझनावारी चित्रं आहेत त्याची. डोंगर काय फार मोठा आहे? हजार मीटरच्या थोडा वर. तो त्याच्या गावचा होता, लहानपणी त्यावर हुंदडला होता, एवढंच. 1906 ला शेवटी असाच बाहेर रंगवत असताना वादळी पावसात सापडला आणि आठवडाभरात गेला. आपल्याकडे आबालाल रहिमान पाहा, मुंबईत जेजेत नाव काढलं आणि सगळं सोडून परत कोल्हापूरला जाऊन कोटितीर्थ तलावाचं पाणी रंगवत बसले. बंगालात रामकिंकर बैज, शांतिनिकेतनच्या आजूबाजूची ती लाल मुरमाड, ओसाड जमीन, संथाळांची गावं. त्यांचं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प 1938 चं, बाहेर उघड्यावर उभं आहे, सिमेंटमध्ये तिथलाच मुरूम कालवून केलेलं. डोक्यावर आणि कावडीत संसार घेऊन निघालेलं कुटुंब, आणि ते ज्या मातीवरून चाललं आहे त्याच मातीचं बनलेलं. मुरूम तर आपल्याकडेही ढिगानं आहे, पण आपण तो प्लॉटच्या भरणीला टाकतो.

आता तुझ्या 'सपाट' या शब्दावर येतो, कारण तो मला लागला. नागपूर कुठं बसलं आहे माहीत आहे का? दख्खनचा काळा कातळ पश्चिमेकडून येत येत इथं संपते, जवळजवळ शहरातच. म्हणजे तुझ्या काटोल-कोंढाळीकडं काळी माती, कापूस, संत्रा. आणि पूर्वेकडं कन्हान ओलांडून भंडाऱ्याकडं निघालीस की जमिनीखालचा दगडच बदलते, माती पिवळट-तांबूस होते, धान सुरू होते, तलाव सुरू होतात. मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं बांधलेले, पाळीवर मोठाली झाडं, आणि श्रावणात धानाच्या रोवणीच्या वेळी बांध्यांमध्ये आभाळ उतरते ते पाहिलं की कोकण आठवणार नाही तुला. उत्तरेला रामटेकची टेकडी, खिंडसी तलाव, आणि त्याच्या अलीकडं मनसरला मँगनीजच्या खाणी. त्या खाणीबाहेरचे मातीचे ढीग पाहा कधी संध्याकाळी, जांभळट काळे, वर लोखंडी चमक. असा रंग मी तरी दुसरीकडं पाहिला नाही. हे सगळं एसटीच्या दीड-दोन तासात. दोन वेगळे देश आहेत हे, आणि तू दोघांच्या मधल्या दारात राहतेस, आणि म्हणतेस सपाट.

आणि जुनं म्हणशील तर नगरधन, मनसर, वाकाटक राजांचा मुलूख. रामटेकला कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी मानतात, तिथं ढगावर बोलणारी माणसं दीड हजार वर्षांपासून आहेत. तुझ्या घराच्या वाटेवर काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली, मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, खाली माणसं पुरलेली. मी तिथं पोरांना नेतो तर अर्धे सेल्फी काढतात आणि परत येतात. अरे त्या दगडांच्या मध्ये तूर पेरलेली असते कधीकधी! तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या उशाशी तूर फुललेली, पिवळी. याच्यापेक्षा अजून काय पाहिजे?

सेवाग्रामला गेली नसशील तर जा. बापू कुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावात ताडाची झाडं काढली आहेत. रंग नाहीच, फक्त उन्हाची तिरीप आली की सावलीनं झाड दिसते. मी दर वर्षी एकदा तरी जाऊन त्या भिंतीसमोर बसतो.

थोडं कामाचं सांगतो आता, नाहीतर म्हणशील काकांनी नुसती गोठ सांगितली.

काळ्या मातीला काळा रंग लावायचा नाही. ट्यूबमधला काळा लावला की वावर डांबरी रस्ता होते. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, दोघांचं प्रमाण महिन्यागणिक बदलायचं. वैशाखात माती करडी होते, राखेसारखी, भेगांच्या कडा तेवढ्या गडद, आणि भेगा काढायच्याच असतील तर लक्षात ठेव, जवळच्या मोठ्या आणि दूरच्या बारीक होत जातात, सगळ्या सारख्या काढल्या की फुटकी फरशी दिसते. मृगाचा पहिला पाऊस पडला की तीच माती एका तासात जांभळी होते. मग तिच्यात थोडा अलिझरीन, अगदी थोडा. हा रंग तीन-चार दिवसच असतो, वखर फिरला की गेला. दर वर्षी त्या चार दिवसांसाठी मी लग्नाची आमंत्रणं टाळतो, घरच्यांना आता सवय झाली आहे.

आभाळ निळं रंगवणं बंद कर. एप्रिल-मेमध्ये नागपूरचं आभाळ निळं नसते, पांढुरकं असते, क्षितिजाकडं मातकट. कोबाल्टचा भलामोठा वॉश मारला की ते महाबळेश्वर होते. सेरुलियन भरपूर पाण्यात, खाली येता येता त्यात पिवळी ऑकर. आणि उन्हाळ्यात काम सकाळी साडेपाच ते आठ, बस. त्यानंतर पंचेचाळीसच्या उन्हात वॉश कागदाला लागायच्या आधी ब्रशवरच वाळते. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकत जा, थोडा वेळ मिळते. पावसाळ्यात उलटं, कागद काही केल्या वाळत नाही, मग मी एसटीच्या निवाऱ्यात बसून नुसती पेन्सिल चालवतो.

पळस. प्रत्येक पोराचा पळस लाल असते. पळस लाल नाही, केशरी आहे, आणि तो पेटल्यासारखा दिसते ते केशरी रंगामुळं नाही, फुलाच्या देठाकडच्या काळ्या मखमली वाटीमुळं. एक फुल तोडून हातात घेऊन पाहा. आधी फांदीभर ते काळपट ठिपके मार, मग त्यावर केशरी, बघ कसा पेटते. आणि मागं पानं नकोत, फुलतो तेव्हा झाड जवळपास उघडं असते.

माणसं काढायची असतील तर आधी औजारं शिक. तिफण वेगळी, वखर वेगळा, डवरा वेगळा, आणि कोणतं कोणत्या महिन्यात चालते ते एखाद्या सालदाराला विचार. डवऱ्याच्या वेळी पीक उभं असते, बैल ओळींच्या मधून चालतात, तोंडाला मुसकं बांधलेलं असते, नाहीतर खात खात जातील. मी पाहिलेल्या दहातल्या नऊ चित्रांत मुसकं नसते. शेतकऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसते, आणि मग तो पुढचं चित्र पाहत नाही, चित्रकाराकडं पाहतो. पोळ्याला मात्र बैल काढायला जाऊ नको, त्या दिवशी बैलाला एवढी झूल, गोंडे, बेगड असते की बैल दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी जा, सजावट उतरलेली, शिंगाचा रंग अर्धा खरवडलेला, बैल सुस्त पडलेला. ते बसून मॉडेलिंग देतात अगदी.

आणि एक राग आहे तो पण काढून घेतो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या निवडीला माझी सहा चित्रं गेली होती, सगळी रोवणीची आणि संत्र्याच्या बागांची. निवड करणाऱ्यांपैकी एक साहेब म्हणाले, चित्रं बरी आहेत हो, पण यात विदर्भ दिसत नाही. विदर्भ म्हणजे काय तर भेगाळलेली जमीन, डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा, मागं वाळकं झाड. मी म्हटलं साहेब, ते दुःख खरं आहे, माझ्या नात्यातल्या घरात आहे, पण तो म्हातारा तुम्हाला फोटोतून माहीत आहे, मला त्याचं वावर माहीत आहे. चित्रं परत आली. तू असला म्हातारा कोणाला खूश करायला काढू नको. तुझ्या वडलांना काढ. ते डोक्याला हात लावून बसतात का कधी? बसत असतील तर तसं काढ, आणि बहुतेक वेळा मोटर पंपाशी झगडत असतील तर पंपाशी काढ. स्टार्टरचा डबा, वायरी, लाइन रात्री येते म्हणून बारा वाजता बॅटरी घेऊन ओलिताला निघालेला माणूस, हे कोणी काढलं का आजवर? रात्रीचं लॅन्डस्केप, तुझं मंडला तुझ्या घरीच आहे.

तर कोकणात राहू का याचं उत्तर, आत्ता नको. आधी घरापासून सायकलनं जाता येईल असा एकच धुरा निवड. तुमच्याकडं संत्र्याची बाग असेलच, नसली तर शेजाऱ्याची. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलते, मृग बहार पावसाच्या तोंडाशी, म्हणजे वर्षातून दोनदा तुला आजूबाजूच्या बागा पांढऱ्या फुलात मिळतील, दोन वेगळ्या उजेडांत. महिन्यातून दोनदा जायचं, एकाच जागी बसायचं, चोवीस कागद होतात वर्षाचे. चांगले-वाईट सगळे ठेवायचे, मागं तारीख आणि वावरात काय काम चाललं होतं ते लिहायचं. पुढच्या दिवाळीला घेऊन ये माझ्याकडं, जमिनीवर ओळीनं मांडू आणि पाहू. त्यानंतर जा म्हणशील तिथं, कोकणात, प्रोव्हान्सला, रझांसारखं.

सामान फार घेऊ नको. क्वार्टर शीट तीनशे जीएसएमची, सहा रंग, एक मोठा ब्रश, पाण्याची बाटली, टोपी. छत्री मात्र पांढरीच घे. मी पहिल्या वर्षी घरची लाल-निळ्या पट्ट्यांची छत्री घेऊन गेलो होतो, सकाळभर एकदम खुशीत रंगवलं, आणि घरी आल्यावर पाहतो तर अख्खी पऱ्हाटी जांभळी.